अधू पाय, उतरते वय आणि हातचे काम
(ज्ञातिमंडळाच्या शीळफाटा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आज येथे चार शब्द बोलावे असा निरोप मंडळाच्या चिटणीसांनी आणला, तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. आम्ही कातर चालविणारे; वाणी चालविणे हा आमचा धंदा नव्हे. परंतु विषय कोणता, असे विचारता ते म्हणाले, "तुम्हांला जो सांगावासा वाटेल तो." मग मात्र आम्हांस नाही म्हणवेना. कारण एक गोष्ट आपणां सर्वांस सांगावयाची राहून गेली आहे, आणि ती राहिली याचा दोष आमचाच आहे.

आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल की, २००९ साली याच मंडळाने आम्हांस शाल व श्रीफळ देऊन गौरविले होते. वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओने डावा पाय गेला असतां एका पायावर शिवणयंत्र चालवून संसार उभा केला, याबद्दल तो गौरव होता. त्या वेळी 'जिद्द' हा शब्द आम्ही किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. मंडळाच्या प्रेमाबद्दल आम्ही आजही ऋणी आहो. परंतु खरे सांगावयाचे तर तो शालनारळ आम्हांस पुढे बराच महाग पडला. तो कसा, हेच आज सांगावयाचे आहे.

आमचा जन्म १९५९ सालचा. वडील घाटावरून पोटापाण्यासाठी प्रथम कल्याणास आले आणि तेथून शीळफाट्यास. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला कल्याणचा रस्ता येथे येऊन मिळतो. जेथे रस्ते मिळतात तेथे माणसे थांबतात, आणि माणसे थांबतात तेथे शिंप्याचे पोट भरते, हा त्यांचा हिशेब. त्या वेळी सभोवार भातशेती होती. १९६१ साली आम्हांस ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा डाव्या पायातले बळ उतरून गेले होते. पोलिओवरील पहिली परिणामकारक लस अमेरिकेत १९५५ साली जाहीर झाली होती. परंतु आमच्यासारख्या घरापर्यंत ती पोहोचण्यास पुढे कित्येक वर्षे जावयाची होती. आपल्या देशातील सरकारी लसीकरणात पोलिओच्या तोंडी लसीचा समावेश झाला तो १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तेव्हा त्या काळच्या आईबापांनी हयगय केली, असे आजच्या पिढीने म्हणू नये.

आमच्या वडिलांनी विचार केला : पोराला शेत नांगरता यावयाचे नाही, गिरणीत उभे राहता यावयाचे नाही, बसून करावयाचा धंदा घरचाच आहे. बाराव्या वर्षी त्यांनी आम्हांस यंत्रावर बसविले. बसून करावयाचा धंदा खरा; पण यंत्र पायाने चालावयाचे! दोन पायांचे काम उजव्या पायाने उचलले. टाचेने पायटा दाबावयाचा, चवड्याने उचलावयाचा, आणि चाकाची लय तुटू द्यावयाची नाही. गिऱ्हाइकाचे माप घेणे, कापड बेतणे, कापणे ही कामे उभ्याने. तेव्हाही भार उजव्यावर. गणपती-दिवाळीच्या दिवसांत आणि जूनमध्ये शाळांच्या गणवेशांच्या हंगामात रात्रीचा एक वाजला तरी पायटा हलत असे. अशी चाळीस वर्षे गेली.

आता पुढची गोष्ट. २०११ सालच्या जानेवारी महिन्यात पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आपल्या देशातील पोलिओच्या रानटी विषाणूचा अखेरचा रुग्ण आढळला. त्यानंतर एकही नाही. म्हणून २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशियाचा विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. ही थोर घटना होय. १९९५ पासून घरोघरी, नाक्यानाक्यावर, स्थानकांवर बालकांच्या तोंडात दोन थेंब घालणाऱ्या असंख्य परिचारिका व अंगणवाडीसेविका यांचे ते यश आहे. परंतु नियतीचा खेळ असा की, ज्या वर्षी देशातला पोलिओ संपला त्याच वर्षी आमच्या शरीरातल्या पोलिओचा दुसरा अंक सुरू झाला. आमचा उजवा पाय, म्हणजे चांगला पाय, थकू लागला.

प्रथम वाटले, काम फार झाले. मग संध्याकाळी पोटरीत बारीक बारीक फडफड होऊ लागली. थंडीत पाय गार पडून जड होई. पायटा दाबता दाबता मध्येच लय तुटे आणि टाका सुटे. दुपारी दोन वाजता असा थकवा येई की, जणू अंगातली वीज कोणी बंद केली. आम्ही एका दवाखान्यात गेलो, तेथे ऐकावयास मिळाले, "वय झाले, दुसरे काय? चालत राहा, व्यायाम वाढवा." आम्ही व्यायाम वाढविला. पहाटे उठून नाक्यापर्यंत दोन फेऱ्या घालू लागलो. पाय अधिकच गळाला. तेव्हा वाटले, आपणच आळशी झालो आहो. आणखी जोर केला पाहिजे.

येथे तो शालनारळ आडवा आला. ज्या माणसाला सगळ्या ज्ञातीने 'जिद्दीचा आदर्श' म्हटले, त्याने आता 'मला होत नाही' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? आम्ही चार वर्षे कोणास काही सांगितले नाही. कामाला उशीर झाला की वीज गेली होती असे सांगावे; मुलाकडून कापड कापून घ्यावे आणि गिऱ्हाइकासमोर आपणच कापले असे दाखवावे. घरातून सौभाग्यवती सर्व पाहत होत्या. त्या बोलल्या नाहीत, कारण बोललेले आम्हांस खपले नसते. अखेर २०१५ सालच्या पावसाळ्यात दुकानाच्या पायरीवरच आम्ही पडलो, मनगट मोडले, आणि शिंप्याचे मनगट मोडले म्हणजे काय मोडले, हे या सभेस सांगावयास नको.

त्या पडण्याने एक उपकार केला. मनगट जोडावयास गेलो असतां तेथील एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आमचे पाय निरखून पाहिले आणि विचारले, "काका, तुमचा चांगला पाय केव्हापासून थकतो?" हा प्रश्न आम्हांस पहिल्यानेच कोणी विचारला होता. त्यांनी तपासण्या करविल्या. मधुमेह, थायरॉइड, कण्याचे दुखणे असे दुसरे कारण नाही ना, याची खात्री केली. आणि मग सांगितले की, ह्यास पोलिओपश्चात् विकार म्हणतात.

या विकाराचे स्वरूप आम्हांस जसे उमगले तसे आपल्याच धंद्याच्या भाषेत सांगतो. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत स्नायूंना हलविणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशी आपापल्या वाट्याच्या स्नायुतंतूंना दोऱ्याने बांधल्यासारखी असते. पोलिओचा विषाणू यांतील पुष्कळ पेशी मारतो. ज्या उरतात त्या नवे धुमारे फोडून मेलेल्या पेशींचे अनाथ तंतू आपल्या अंगावर घेतात. म्हणूनच तापानंतर काही महिन्यांनी मुलाचा पाय थोडाबहुत सुधारतो. एखाद्या शिवणीतले निम्मे टाके तुटावे आणि उरलेल्या टाक्यांनी सगळे वस्त्र सावरून धरावे, तसा हा प्रकार. वस्त्र फाटत नाही. परंतु त्या उरलेल्या टाक्यांवर कायमचा दुप्पट-तिप्पट ताण बसतो. पंधरा, तीस, चाळीस वर्षांनी, काहींच्या बाबतीत त्याहूनही उशिरा, ते टाके उसवू लागतात. जो पाय चांगला म्हणून आपण वापरीत असतो त्यालाही पुष्कळदा त्या मूळच्या तापात नकळत झळ लागलेली असते. विषाणू परत आलेला नसतो. हा विकार कोणास लागतही नाही. हा जुन्या कर्जाचा हप्ता असतो, इतकेच.

आणि यातली ग्यानबाची मेख अशी की, येथे जोर केल्याने बळ वाढत नाही, उलट घटते. थकलेल्या स्नायूला आणखी राबविणे म्हणजे विरलेल्या कापडावर जड भरतकाम करणे. हा विकार समूळ बरा करणारे औषध आजवर निघालेले नाही. उपाय एकच : जेवढे बळ आहे त्याचा बेत नीट करणे, थकवा न आणणारा बेताचा व्यायाम जाणकाराच्या देखरेखीखाली करणे, आणि योग्य त्या साधनांचा आधार घेणे. हे ऐकले तेव्हा, बंधुभगिनींनो, आम्ही त्या खोलीत रडलो. दुःखाने नव्हे. आपण आळशी नव्हतो, हे कळल्याच्या समाधानाने.

मग आम्ही धंदा नव्याने बेतावयास घेतला. कापड अपुरे असले म्हणजे शिंपी रडत बसत नाही. आधी जमिनीवर पसरून, खडूने आखून, कोठला तुकडा कोठे बसेल हे पाहतो, आणि मगच कातर लावतो. दिवसाच्या बळाचेही तसेच. पूर्वजांनी अंथरूण पाहून पाय पसरावे असे सांगितले ते पैशापुरते नव्हे.

पहिली गोष्ट, पायाच्या यंत्राला विजेची मोटर बसविली. तिची किंमत चारसहा पॅंटींच्या शिलाईइतकी. चाळीस वर्षे पायाने केलेले काम ती बोटभर दाबाने करू लागली. मोटरीचा दाबावयाचा खटका पायाखालीच असला पाहिजे असे नाही. पाय अगदी नको म्हणतो त्या दिवशी आम्ही तो टेबलावर ठेवून कोपराने दाबतो. दुसरी गोष्ट, कापावयाच्या टेबलाशी उंच बैठक केली; आता कापणेही बसून होते. तिसरी, इस्त्री, यंत्र आणि टेबल ही तीन ठिकाणे हाताच्या अंतरावर आणली. दिवसाकाठी शंभर पावले वाचली. चौथी, दुपारी एक ते चार दुकान बंद. गिऱ्हाइके प्रथम कुरकुरली, मग सरावली. पाचवी, रात्रपाळी कायमची बंद. हंगामाचे जादा काम शेजारच्या ज्ञातिबंधूस देतो आणि मजुरी वाटून घेतो. मिळकत कमी झाली हे खरे. परंतु ज्याला डॉक्टरीणबाई दोनतीन वर्षांत सोडावे लागेल म्हणत होत्या, ते काम आज दहाव्या वर्षीही चालू आहे. हिशेब मांडला तर तोटा कोठे झाला?

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. २०२१ पासून आम्ही घराबाहेर चाकाची खुर्ची वापरतो. लहानपणी आईने नवस करून, तेल चोळून, मांडीला हात देऊन आम्हांस चालविले होते. खुर्चीत बसणे म्हणजे तिचे सारे कष्ट मातीमोल करणे, असे वाटे. पहिल्या दिवशी नाक्यावर जाताना मान वर करवेना. पुढे ध्यानात आले की, खुर्चीने वाचविलेले पायाचे बळ संध्याकाळी नातवाला कडेवर घेण्यास उरते.

आपल्या महाराष्ट्रात याचे मोठे उदाहरण आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक तरुणपणीच कमरेखाली अधू झाल्या. त्यांनी खुर्चीतून नोकरी केली आणि १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करून शेकडो अपंग मुलामुलींना शिक्षण व काम दिले. आपल्या आत्मचरित्रास त्यांनी नाव दिले तेही 'चाकाची खुर्ची' हेच. त्याच्याही पूर्वी, मुंबईत फातिमा इस्माइल या बाईंनी स्वतःच्या कन्येस पोलिओ झाल्यावर १९४७ साली इतरांच्या मुलांसाठी उपचाराची सोय सुरू केली, आणि पुढे हाजीअली येथे मुलांचे अस्थिरुग्णालय उभे राहिले. तेथेच १९५५ पासून केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. कॅलिपर, कुबडी, कृत्रिम अवयव यांसाठी आपल्यापैकी कोणास जावयाचे असेल तर ते ठिकाण ध्यानात ठेवावे.

आता कायद्याविषयी थोडे. संसदेने २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा अधिनियम केला; १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. सरकारी नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा राखीव आहेत. सरकारी सेवेत असताना कोणास अपंगत्व आले तर त्यास काढून टाकता येत नाही, पदावनत करता येत नाही. झेपेल अशा दुसऱ्या जागी त्याच वेतनश्रेणीत नेमावे लागते. आपल्या ज्ञातीतील जे रेल्वेत, पालिकेत, शिक्षणखात्यात आहेत त्यांनी हे कलम, म्हणजे विसावे कलम, जरूर वाचावे. दुसरे असे की, तरुणपणी घेतलेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि आजचे शरीर यांत अंतर पडलेले असते. पाय अधिक गेला असेल तर पुन्हा तपासणी करून घेण्यात लाज कसली?

परंतु बंधुभगिनींनो, हा कायदा नोकरदाराला जसा सांभाळतो तसा दुकानदाराला सांभाळीत नाही. आमचा साहेब आम्हीच, आणि रजा नाकारणारेही आम्हीच. जो माणूस स्वतःच्या हातावर पोट भरतो त्याला सांभाळणारे दोघेच : घर आणि ज्ञाती. म्हणून हे गाऱ्हाणे आपल्यापुढे. आणि हे केवळ पोलिओचेही नव्हे. ज्याने तीस वर्षे कुबडी वापरली त्याचे खांदे आता दुखतात. ज्याचा एक पाय कृत्रिम आहे त्याचा दुसरा गुडघा झिजतो. जन्मतः अंग आखडलेल्या मुलामुलींना चाळिशीतच सांधेदुखी गाठते. जन्मभराचे अपंगत्व स्थिर असते, अशी आपली समजूत. ते माणसाबरोबर म्हातारे होते, आणि पुष्कळदा माणसाच्या आधी.

आता कबुली. २०१६ पासून तीन संमेलनांस आम्ही आलो नाही. चिटणीसांना 'कामाची गर्दी' असे कळविले होते. ते खोटे होते. सभागृह पहिल्या मजल्यावर होते, आणि त्याला बावीस पायऱ्या होत्या. आम्ही त्या मोजल्या होत्या. दोन तरुणांनी उचलून नेले असते; पण ज्याला याच सभेने उभे राहून टाळ्या दिल्या, त्याने त्याच सभेत उचलून नेलेले यावे, हे मनास पटले नाही. यंदा संमेलन तळमजल्यावर आहे, म्हणून आम्ही आपल्यासमोर आहो. ज्या शीळफाट्यापर्यंत मुंबईहून खाडीच्या तळाखालून आगगाडीचा एकवीस किलोमीटरांचा बोगदा काढण्याचे काम हाती घेतले आहे, त्या शीळफाट्यावर अधू माणसाला रस्ता ओलांडणे अजून सोपे नाही. तो रस्ता आपल्या हातचा नाही. सभागृह मात्र आपल्या हातचे आहे.

तेव्हा मंडळापुढे चार विनंत्या ठेवतो. एक, ज्ञातीची सर्व कार्ये यापुढे तळमजल्यावरच व्हावीत. दोन, विद्यार्थिनिधीप्रमाणे एक लहानसा साधननिधी असावा. त्यातून यंत्राची मोटर, उंच बैठक, कॅलिपर यांसाठी बिनव्याजी रक्कम मिळावी आणि हप्त्याने परत यावी. तीन, शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ प्रमाणपत्रांचे व अर्जांचे काम करून द्यावे. चार, ज्यांचे पाय थकले पण हात व नजर शाबूत आहे, अशा कारागिरांकडे मुले शिकण्यास पाठवावी. कापड बेतण्याची विद्या पायात नसते.

आणि एक विनंती घरोघरी. आपल्या घरातील अधू माणूस कधी म्हणाला की 'पूर्वी होत होते ते आता होत नाही,' तर त्यास 'इतकी वर्षे जमले, आताच काय झाले?' असे विचारू नका. आणि 'धन्य तुमची जिद्द' असेही घाईने म्हणू नका. त्यापेक्षा विचारा, 'कोणते काम आम्ही घ्यावे, आणि कोणते तुमच्याकडेच राहू द्यावे?' या प्रश्नाचा दुसरा भाग विसरू नका. सगळेच काम काढून घेणे हेही माणसाला बसविणेच होय.

ज्या नामदेवरायांना आपण ज्ञातीचे भूषण मानतो, त्यांच्या काळातील म्हणून कूर्मदासाची कथा वारकरी सांगतात. हातपाय नसलेला हा पैठणचा भक्त पोटावर सरपटत पंढरीच्या वाटेला लागला. वाटेत लऊळ या गावी त्याचे बळ सरले. त्याने जाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर निरोप धाडला की, देवा, मला आता पुढे येववत नाही. तेव्हा प्रत्यक्ष पांडुरंग ज्ञानदेव-नामदेवांस घेऊन लऊळास त्याच्या भेटीस आला, अशी श्रद्धा आहे. माढे तालुक्यात त्या गावी कूर्मदासाचे स्थान आजही आहे. ही कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनात ऐकली, आणि दरवेळी कूर्मदासाच्या सरपटण्याचे कौतुक ऐकले. साठी उलटल्यावर कळले की, कथेतली मोठी गोष्ट दोन आहेत : एक, 'आता येववत नाही' हा निरोप त्याने लाज न बाळगता धाडला, आणि दुसरी, तो ऐकून विटेवरचा देव विटेवरून उतरला.

आमचा निरोप आम्ही पुष्कळ उशिराने धाडला. तो आपण ऐकून घेतला, संमेलन खाली उतरविले. दुकान उद्या सकाळी नऊला उघडेल. दुपारी एक ते चार मात्र बंद राहील.